हलकं फ्लायव्हील: पिकअप खरंच वाढतो का, आणि रोज चालवताना काय होतं?

गिअरपेटी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

माझी गाडी १.६ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, पाच गिअरची मॅन्युअल. चालकासकट वजन साधारण ११०० किलो. क्लच संपलाय. चौथ्या गिअरमध्ये जोरात रेस दिली की आरपीएम चढतात आणि गाडी आहे त्याच वेगात राहते. म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलंच. एवढं सगळं उघडतोच आहे तर फ्लायव्हीलही (इंजिनाच्या क्रँकला बसवलेलं, क्लच ज्यावर घासतो ते जड चाक) बदलून घ्यावं का, असा विचार चाललाय.

मूळचं बिडाचं आहे, ८.२ किलो. माझ्या इंजिनाला बसणारी दोन मिळतात: ॲल्युमिनियमचं ३.८ किलोचं आणि घडीव पोलादाचं ५.६ किलोचं. तिसरा सल्ला असा मिळालाय की नवीन घेऊच नकोस, मूळचंच लेथवर लावून हलकं करून घे.

ज्यांना विचारलं त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. एक म्हणतो ताकद वाढल्यासारखी वाटेल. दुसरा म्हणतो गर्दीत दर वेळी बंद पडेल, हात लावू नकोस. गाडी रोज कामावर नेतो, त्यातला निम्मा रस्ता थांबत-थांबत जाण्याचा आहे आणि मध्ये एक लांब चढ आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी ट्रॅकवर नेतो. आठवड्यातले दोन दिवस गाडी बायकोकडे असते. तिला मी न विचारता गाडीचा स्वभाव बदलून ठेवला तर ते बरोबर होणार नाही, त्यामुळे हेही लक्षात घ्यायचंय.

ताकद वाढते की नाही? वाढत नसेल तर मग जाणवतं ते काय? आणि चढावर नेमकं काय होतं? कुणी स्वतः वापरलं असेल तर सविस्तर सांगा.

रेडलाइन

मी तीन वर्षं ॲल्युमिनियमचंच वापरतोय, पण माझी गाडी फक्त ट्रॅकवर जाते. वळणाआधी ब्रेक मारता मारता टाच वळवून रेस दिली की आरपीएमचा काटा पेडलबरोबरच वर येतो, वाट बघावी लागत नाही. गिअर खाली घेताना मागची चाकं अडखळत नाहीत. रोजच्या गर्दीत कधी चालवलेली नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही.

दुसरा गिअर

मी दोन्ही वापरली आहेत, एकाच गाडीवर, एकामागून एक. आधी खूप हलकं, नंतर मधलं. त्यामुळे थोडं लांब लिहिते.

ताकद वाढत नाही. एका ठरावीक आरपीएमवर इंजिन स्थिर चालवून मोजलं तर मूळच्या आणि हलक्या फ्लायव्हीलमध्ये काहीही फरक येणार नाही, कारण स्थिर वेगात फिरणारं चाक काही मागतही नाही आणि देतही नाही. ते मागतं फक्त वेग वाढताना आणि परत देतं वेग कमी होताना. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) गाडी चढवून, जड रोलर वेगाने फिरवून आकडा काढतात, तेव्हा कधीकधी दोन-चार घोडे जास्त दिसतात. ते इंजिनाने नव्याने काढलेले नसतात. आधी ते स्वतःचंच चाक पळवण्यात जात होते, आता रोलरपर्यंत पोचले, एवढंच.

मग प्रश्न उरतो तो किती पोचतं याचा. इथे गिअर फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेक चर्चेत तोच सुटतो. फ्लायव्हीलचं जडत्व गाडीला किती किलो जड करतं हे काढायचं तर जडत्वाला एकूण गिअर गुणोत्तराच्या वर्गाने गुणायचं आणि टायरच्या त्रिज्येच्या वर्गाने भागायचं. वर्ग आहे म्हणून पहिला गिअर आणि चौथा गिअर यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

तुमच्याच गाडीचं करून बघू. फ्लायव्हील २८ सेंटीमीटर व्यासाचं, टायरची त्रिज्या ३० सेंटीमीटर, फायनल ड्राइव्ह (गिअरनंतर चाकांकडे जाताना लागणारं शेवटचं गुणोत्तर, गिअरला याने गुणलं की एकूण गुणोत्तर) ४.१, पहिला गिअर ३.५, मग २.०, १.३५, १.० आणि ०.८ असं धरते. तुमचे खरे आकडे गाडीच्या पुस्तकात मिळतील, ते घालून पुन्हा करा. सपाट तबकडी मानली तर ८.२ किलोच्या फ्लायव्हीलचं जडत्व ०.०८० येतं आणि ३.८ किलोच्या फ्लायव्हीलचं ०.०३७, किलोग्रॅम-मीटर वर्गात. फरक ०.०४३. हा फरक पहिल्या गिअरमध्ये गाडीतून ९८ किलो उतरवल्यासारखा आहे. दुसऱ्यात ३२ किलो. तिसऱ्यात १५, चौथ्यात ८, पाचव्यात ५.

म्हणजे पहिल्या गिअरमध्ये एक धट्टाकट्टा माणूस गाडीतून उतरला, आणि पाचव्यात पाण्याचा पाच लिटरचा कॅन उतरला. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या-पाचव्यात ओव्हरटेक करताना फरक शोधूनही सापडणार नाही. जो माणूस "हायवेवर गाडी पळायला लागली" असं सांगतो त्याने बहुधा त्याच वेळी दुसरंही काहीतरी बदललेलं असतं, किंवा नवीन क्लच घसरत नाही याचा तो आनंद असतो.

पहिल्यातले ९८ किलो ऐकायला खूप वाटतात, पण पहिला गिअर टिकतो किती? या गुणोत्तरात ६५०० आरपीएमला गाडी ५० च्या आसपास पोचते आणि गिअर संपतो. फ्लायव्हीलखेरीज क्रँक (पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा), प्रेशर प्लेट (क्लच दाबून धरणारा भाग) हेही फिरत असतंच. ते सगळं धरलं तर पहिल्यात साडेसहा-सात टक्के आणि दुसऱ्यात अडीच टक्के फायदा होतो. शून्य ते शंभरमध्ये माझ्या हिशेबाने फार तर सेकंदाचा तिसरा हिस्सा वाचतो, तोही गाडी जागेवरून नीट उठली तर.

आणि गाडी जागेवरून उठणं हीच हलक्या फ्लायव्हीलची अवघड जागा आहे. ४००० आरपीएमवर क्लच सोडून गाडी उडवायची म्हटलं, तर त्या क्षणी मूळच्या फ्लायव्हीलमध्ये ३.८ किलोवाल्यापेक्षा सुमारे ३८०० ज्यूल जास्त साठलेले असतात. ११०० किलोची अख्खी गाडी ताशी ९ किलोमीटरने चालत असते तेव्हा तिच्यात एवढीच ऊर्जा असते. क्लच घसरताना त्यातला बराच भाग उष्णतेत जातो, तरी उरलेला भाग ढकलतोच. म्हणूनच सरळ रेषेत शर्यत लावणारे काही जण, विशेषतः लहान इंजिनवाले, मुद्दाम जड फ्लायव्हील ठेवतात.

आता चढाचं. हाच तुमच्यासाठी खरा प्रश्न आहे असं मला वाटतं.

माझ्या गाडीचं मूळचं फ्लायव्हील ९ किलोचं होतं. मी ३.६ किलोचं ॲल्युमिनियमचं बसवलं, ज्याला घासणारा भाग पोलादाचा वेगळा बसवलेला असतो. पहिल्या दिवशी मी न्यूट्रलमध्ये उभं राहून नुसतीच रेस देत होते, इतका काटा हलका झाला होता. फोनवर काट्याचं चित्रीकरण करून मोजलं: ४००० वरून २००० वर यायला आधी १.९ सेकंद लागायचे, आता १.३. इंजिन पायाला चिकटल्यासारखं वाटतं. हे सुख खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही.

मग दोन आठवड्यांनी एका चढावर रांगेत उभी होते. इंजिन अजून गार, एसी चालू, स्टीअरिंग पूर्ण वळवलेलं. नेहमीसारखा क्लच सोडला, पायाला तो ओळखीचा कंप आला, गाडी नाकावर किंचित उचलली गेली, आणि पुढच्या क्षणी इंजिन गप्प. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी १८०० पर्यंत रेस धरून हाफ क्लचवर नेली तेव्हा निघाली, आणि जळक्या क्लचचा वास आत आला. मागच्या गाडीचा माणूस हॉर्न वाजवत होता. मी इतकी वर्षं गाडी चालवते, माझ्या हातून गाडी अशी बंद पडायची सवयच नव्हती. पाय चुकला नव्हता. पायाला ज्याचा आधार होता तेच खालून काढून घेतलं होतं.

तो आधार नेमका किती, हे मी घरी येऊन काढलं. क्लच पकडतो तेव्हा इंजिन समजा १२०० वरून ७०० वर घसरतं. त्याखाली गेलं तर बंदच पडणार. क्रँक, फ्लायव्हील, क्लच मिळून जडत्व ०.१५ धरलं तर या घसरणीत ७८० ज्यूल सुटतात. तुमचं ३.८ किलोवालं बसवलं तर ५६० च्या आसपास. दहात एक असा चढ घेतला, तर ११०० किलोची गाडी त्यावर एक मीटर सरकायला सुमारे १०८० ज्यूल लागतात. म्हणजे मूळचं फ्लायव्हील गाडीला नुसत्या साठ्यावर ७२ सेंटीमीटर ढकलू शकतं, हलकं ५२. फरक वीस सेंटीमीटर. एक वीत. तेवढ्या एका वीतभर अंतरात तुमचा उजवा पाय रेस वाढवतो आणि इंजिन सावरतं. ती वीत काढून घेतली की पायाला आधीच पोचावं लागतं. हे शिकता येतं, मी शिकले, पण रोज, प्रत्येक वेळी, थकलेलं असतानाही ते लक्षात ठेवावं लागतं. तुमच्या बायकोला आठवड्यातून दोनच दिवस गाडी मिळणार असेल तर तिच्या पायाला ती सवय लागायला खूप वेळ जाईल.

दुसरी गोष्ट गिअर बदलतानाची. क्लच दाबला की काटा झपकन खाली येतो. झटपट गिअर टाकणाऱ्याला हे सोयीचं, कारण वरच्या गिअरला लागणारे आरपीएम लगेच मिळतात. पण गर्दीत आपण पहिल्यातून दुसऱ्यात सावकाश जातो. तेवढ्या वेळात इंजिन पार खाली आलेलं असतं आणि क्लच सोडला की गाडी मान डोलावते. मागे बसलेल्यांना ते लगेच कळतं. माझी आई मागे बसायची, ती काही बोलायची नाही, पण पुढच्या सीटची पाठ धरून बसायला लागली होती.

ओल्या रस्त्यावर आणखी एक कळलं. जड फ्लायव्हील पायाच्या चुका गिळतं. पेडल जरा जास्त दाबलं गेलं तरी आधी फ्लायव्हीलला पळवण्यात वेळ जातो आणि टायरपर्यंत धक्का मऊ होऊन पोचतो. हलक्यात तो जसाच्या तसा पोचतो. पाय उचलला की तेवढ्याच तडकाफडकी गाडी धरली जाते, आणि वळणाच्या मध्यात हे झालं तर गाडीचं वजन एकदम पुढे येतं. ट्रॅकवर ज्याला हेच हवं असतं त्याच्यासाठी ते वरदान आहे.

आठ महिन्यांनी क्लच रिलीज बेअरिंगसाठी गिअरबॉक्स परत उतरवावा लागला तेव्हा मी ६ किलोचं पोलादी बसवलं. तेच आजही आहे. तुमच्यासाठी माझं मत ५.६ किलोवालं. त्याच हिशेबाने पहिल्या गिअरमध्ये ५८ किलो आणि दुसऱ्यात १९ किलो उतरतात, आणि चढावर एका वितेऐवजी बारा सेंटीमीटर जातात. अर्ध्याहून जास्त फायदा हाती राहतो आणि जाचही त्याच प्रमाणात कमी होतो. हे मी नुसतं हिशेबावरून सांगत नाही. बदलल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी त्या चढावर फ्लायव्हीलचा विचारही न करता निघून गेले, आणि ते माझ्या लक्षात आलं वरच्या वळणावर गेल्यावर.

लेथघर

वर सगळं बरोबर सांगितलंय. मी तिसऱ्या सल्ल्याबद्दल लिहितो, कारण ते काम माझ्याकडे येतं आणि बहुतेक वेळा मी परत पाठवतो.

बीड दाबाला दणकट असतं, ताणाला कच्चं. आणि फिरणाऱ्या चाकात कडेला पूर्ण ताणच असतो. २८ सेंटीमीटरचं फ्लायव्हील ७००० आरपीएमला फिरतं तेव्हा त्याची कड सेकंदाला १०० मीटरपेक्षा जास्त वेगाने जात असते, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर. आरपीएम दुप्पट झाले की ताण चौपट. वर क्लच घसरून तापलं की घासणाऱ्या बाजूला बारीक केसासारख्या भेगा पडतात. प्रत्येक जुन्या फ्लायव्हीलवर त्या कमी-जास्त असतातच, निळसर काळ्या डागांच्या आजूबाजूला नखाने चाचपलं तर लागतात. अशा चाकाला मागून पोखरून पातळ करायचं आणि मग रेडलाइनपर्यंत (आरपीएमच्या काट्याच्या लाल पट्ट्यापर्यंत) पळवायचं, हे मला पटत नाही. फुटलं तर गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं घर त्याला अडवत नाही. तुकडे बाहेर येतात, आणि पुढे इंजिन असलेल्या गाड्यांत ते तुमच्या पायांच्या अगदी जवळ असतं.

तरीही करायचंच असेल तर अर्धा-एक किलो, त्याहून जास्त नाही. तेही इंजिनाच्या बाजूने आणि कडेजवळून. कडेजवळून काढलेलं वजन जास्त उपयोगी पडतं: केंद्रापासून १४ सेंटीमीटरवरचा एक किलो हा ६ सेंटीमीटरवरच्या एक किलोपेक्षा पाचपट जास्त जड पडतो. म्हणून बोल्टांच्या भोवती भोकं पाडणं हा निव्वळ तोटा आहे, वजन काट्यावर कमी दिसतं पण जडत्व जवळजवळ तेवढंच राहतं, आणि जिथे जोर सगळ्यात जास्त तिथेच चाक कच्चं होतं. कोपरा धारदार सोडायचा नाही, गोलाई ठेवायची, कारण भेग कोपऱ्यातूनच निघते. रिंग गिअर (स्टार्टर ज्यात अडकतो ते कडेचं दातेरी कडं) बसतो ती पायरी शाबूत पाहिजे. आधी आणि नंतर रंग लावून भेगा तपासायच्या, शेवटी बॅलन्सिंग. एवढं सगळं केल्यावर हाती काय आलं, तर एक किलो. त्यापेक्षा घडीव पोलादाचं घ्या. शर्यतीच्या सामानाला एस.एफ.आय. १.१ ही सुरक्षा चाचणीची खूण असते, ती असेल तर उत्तम.

काम करणाऱ्याला आणखी दोन गोष्टी सांगून ठेवा. काही इंजिनांचं बॅलन्सिंग फ्लायव्हीलवरच्या वजनावर अवलंबून असतं. तिथे साधं सम-वजनाचं चाक बसवलं तर इंजिन थरथरतं आणि बेअरिंगा खातं. तुमच्या इंजिनाचं तसं आहे का ते आधी बघा. आणि काही फ्लायव्हीलांवर क्रँक सेन्सरचे दात असतात. नवीन चाकावर ते त्याच जागी आणि तेवढेच नसतील तर इंजिन चालूच होणार नाही. दोन्ही चाकं टेबलावर शेजारी ठेवून दात आणि बोल्टांची भोकं एकेक करून जुळवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

गिअरपेटी

दोघांचेही मनापासून आभार. त्या वितेचा हिशेब वाचला आणि चढ डोळ्यासमोर उभा राहिला. लेथचा विचार सोडला.

दोन शंका. इंजिनचा दिवा लागतो असं ऐकलंय, ते खरं का? आणि उभ्या गाडीत न्यूट्रलला खडखड येते म्हणतात, ती कशाची?

दुसरा गिअर

दोन्ही होऊ शकतं, आणि दोन्हीचं मूळ एकच.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक ठोका पडतो. आयडलला (रेस न देता, गाडी उभी असताना) ७५० आरपीएम धरले तर सेकंदाला २५ ठोके. प्रत्येक ठोक्याला क्रँक थोडा पुढे ढकलला जातो आणि पुढच्या सिलिंडरमधली हवा दाबताना थोडा मंदावतो. फ्लायव्हील हा चढउतार सपाट करतं. ते हलकं केलं की चढउतार उरतो. मूळ इंजिन तसंच आहे, आता ते तुम्हाला ऐकू येतं एवढंच.

कॉम्प्युटर क्रँकच्या वेगातला हाच चढउतार बघून ठरवतो की एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकला का. चढउतार वाढला की त्याला नसलेली चूक दिसू शकते आणि दिवा लागतो. ३.६ किलोवाल्याला माझ्याकडे दोनदा लागला होता, दोन्ही वेळा थंड इंजिनावर. ६ किलोवाल्याला आजवर नाही. पण लागला तर "फ्लायव्हीलमुळेच असेल" म्हणून सोडून देऊ नका, प्लग आणि कॉइल तपासाच. खरी चूक असेल तर कच्चं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन तो वितळतो.

खडखड गिअरबॉक्समधली असते. न्यूट्रलला दातांवर भार नसतो, दोन दातांमध्ये बारीकशी मोकळीक असते, आणि क्रँकच्या धक्क्यांनी ते एकमेकांवर आपटतात. डब्यात मूठभर खडे हलवल्यासारखा आवाज येतो. क्लच दाबला की बंद होतो, तीच त्याची ओळख. त्याने गिअरबॉक्स खराब होत नाही. मधोमध स्प्रिंगा असलेली क्लच प्लेट घ्या, रोजच्या गाडीला बिनस्प्रिंगची अजिबात नको. आणि आयडल १०० ने वाढवता आला तर वाढवा. एसीचा कॉम्प्रेसर जोडला जातो त्या क्षणी त्याचा उपयोग होतो.

डिझेलकर

मध्येच विचारतो. माझ्या डिझेलमध्ये दोन भागांचं, आत स्प्रिंगवालं फ्लायव्हील आहे. तेही संपत आलंय. त्याच्या जागी साधं हलकं बसवलं तर?

लेथघर

हलकं अजिबात नको. डिझेलमध्ये हवा खूप जास्त दाबली जाते, ठोकाही कडक पडतो, आणि तुम्ही कमी आरपीएमवर ओढता. ते दोन भागांचं फ्लायव्हील मुळात हे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणूनच आहे. १९८० च्या दशकात ते गाड्यांत आलं. आत कमानीसारख्या वाकवलेल्या लांब स्प्रिंगा असतात, एक भाग क्रँकला आणि दुसरा क्लचला, आणि धक्का मधल्या स्प्रिंगांत जिरतो. म्हणूनच अशा बऱ्याच गाड्यांच्या क्लच प्लेटमध्ये वेगळ्या स्प्रिंगा नसतात.

ते काढून एकसंध चाक बसवलं आणि प्लेट जुनीच ठेवली, तर धक्का थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर जातो. एका गाडीत मी हे पाहिलंय: वर्षभरात इनपुट शाफ्टच्या खाचा झिजून धारदार झाल्या होत्या. एकसंध चाकाचे पूर्ण संच मिळतात, स्प्रिंगवाल्या प्लेटसकट. ते चालतात, आवाज आणि कंप थोडा वाढतो. पण त्यातलं चाकही वजनदारच असतं. तुमचं काम ओढण्याचं असेल तर मूळचंच घ्या.

रेडलाइन

बसवताना एक काळजी. मी पहिल्यांदा जुनेच बोल्ट वापरायला निघालो होतो. फ्लायव्हीलचे बोल्ट बऱ्याच इंजिनांत एकदाच ताणायचे असतात, नवीनच लावा, आणि टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्यावर. समोरासमोरचे आळीपाळीने. क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच वेळी बदला, नाहीतर नव्या क्लचवर तेल गळलं की सगळं पुन्हा उतरवायचं. चाक बसवल्यावर डायल गेज लावून ते डुगडुगत नाही ना ते बघा. माझ्या वेळी क्रँकच्या तोंडावर जुन्या चिकटवणाऱ्याचा एक पापुद्रा राहिला होता, तेवढ्यानेही चाक तिरकं बसलं होतं. घासून काढला, पुन्हा बसवलं, सरळ झालं.

गिअरपेटी

पाच आठवड्यांनी परत आलोय. ५.६ किलोवालं पोलादी बसवलं, स्प्रिंगवाली प्लेट, नवीन बोल्ट, नवीन सील. दोन्ही चाकं शेजारी ठेवून दात मोजले, जुळले. मूळचं फ्लायव्हील कापडात गुंडाळून ठेवलंय.

पहिले ७०० किलोमीटर क्लच रुळेपर्यंत हळूच चालवली, त्यामुळे मत द्यायला उशीर झाला.

जे जाणवतं ते पहिल्या आणि दुसऱ्यातच, अगदी तुम्ही म्हणाला होतात तसं. दुसऱ्यात वळणातून बाहेर पडताना पेडल आणि गाडी यांच्यामध्ये जी जराशी ढिलाई होती ती गेली. चौथ्यात काहीच कळत नाही. मी मुद्दाम त्याच रस्त्यावर, त्याच ६० वरून ८० करून पाहिलं, फोनवर वेळ मोजली, आधी जेवढी होती तेवढीच आली. ट्रॅकवर गिअर खाली घेणं खूप सोपं झालंय. आधी मी दर दुसऱ्या वळणाला रेस कमी द्यायचो आणि चाकं अडखळायची.

गर्दीत पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आता हात थोडा लवकर हलवावा लागतो. आठवडाभरात सवय झाली. आयडलला सीटमध्ये बारीक कंप येतो, न्यूट्रलची खडखड खिडकी उघडी असेल तर ऐकू येते. दिवा लागलेला नाही.

बायकोला आधी सगळं सांगितलं होतं, त्या वितेसकट. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर तिने त्या चढावर दहा वेळा थांबून दहा वेळा गाडी काढली. दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा एसी चालू असताना. मग तिनेच युक्ती काढली: हँडब्रेक लावायचा, क्लच पकडायला लागून काटा किंचित खाली झुकला की रेसचं पेडल थोडं दाबायचं, आणि मगच ब्रेक सोडायचा. त्यानंतर एकदाही नाही. तिच्यामागे तसं करून बघितल्यावर मीही आता तसंच करतो.

दुसरा गिअर

छान वाटलं वाचून. आयडल किती ठेवलाय? आणि एसी जोडला जाताना काटा किती बुडतो?

गिअरपेटी

८५० ठेवलाय. एसी लागला की ७६० पर्यंत बुडतो आणि लगेच वर येतो.

दुसरा गिअर

मग ठीक आहे. ७०० च्या खाली जायला लागला तर आधी थ्रॉटल बॉडी साफ करून बघा, फ्लायव्हीलकडे नंतर. आणि क्लच रुळलाय तर पेडलची मोकळी चाल एकदा मोजून घ्या, पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ती बदलते.